सामायिक फोल्डर उघडत नसेल तर: त्रुटीच्या क्रमांकावरून दोष शोधण्याची रीत

कार्यालयातल्या एखाद्या संगणकावर सामायिक फोल्डर उघडेनासे झाले की पहिली हाक उठते ती ‘सर्व्हर बंद पडला’ अशी. शेजारच्या टेबलावरून तेच फोल्डर विनासायास उघडत असेल, तर दोष बहुधा त्या एका संगणकात, त्याच्या खात्यात किंवा त्याच्या नेटवर्कच्या वाटेत असतो. म्हणून सर्व्हरला हात लावण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावरून एकदा पडताळून पाहावे. पुढील विवेचन विंडोजचे संगणक आणि एसएमबी (विंडोजची नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) वापरून फाइली पुरवणारा सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कला जोडलेले फाइली साठवण्याचे यंत्र) यांना धरून आहे.

सर्वप्रथम त्रुटीचा क्रमांक मिळवावा, कारण आपली विनंती कुठपर्यंत पोहोचून अडली हे तो सांगतो. फाइल एक्सप्लोररचा संदेश पुष्कळदा मोघम असतो. त्याऐवजी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ (net use) ही आज्ञा सर्व्हरच्या आणि शेअरच्या (सर्व्हरवरील सामायिक फोल्डरच्या) नावासह द्यावी, म्हणजे क्रमांक स्वच्छ दिसतो. (एक्सप्लोररमधील लांबलचक क्रमांकाच्या शेवटी ३५ दिसत असेल, तर तो सोळाच्या पायावर लिहिलेला ५३ च असतो.)

क्रमांक ५३ याचा अर्थ वाटच सापडली नाही. अशा वेळी नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा आकडी पत्ता) वापरून पाहावा. पत्त्याने फोल्डर उघडले आणि नावाने उघडले नाही, तर दोष नाव ओळखण्याच्या व्यवस्थेत, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. पत्त्यानेही उघडत नसेल, तर पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा देण्याच्या खिडकीतून ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ (Test-NetConnection) या आज्ञेने सर्व्हरचे पोर्ट ४४५, म्हणजे एसएमबीचे ये-जा करण्याचे दार, उघडे आहे का ते तपासावे. केवळ पिंगवर, म्हणजे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या आज्ञेवर, विसंबू नये. पिंगला उत्तर येऊनही ४४५ बंद असू शकते, आणि पिंग अडवलेले असूनही फोल्डर चालू असू शकते. पोर्ट बंद आढळल्यास सर्व्हरचे फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) पाहावेच, पण त्याआधी संगणक कोणत्या वाय-फायला जोडला आहे ते पाहावे. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर इंटरनेट उत्तम चालते, मात्र राउटर त्या संगणकाला आतल्या यंत्रांपर्यंत सहसा जाऊ देत नाही, आणि नव्या लॅपटॉपच्या बाबतीत हे फार वेळा घडते. घरून काम करणाऱ्यांनी व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) जोडल्याची खात्री करावी. ४४५ इंटरनेटवर उघडे ठेवणे हा त्यावरचा उपाय मुळीच नव्हे.

क्रमांक ६७ आला, तर बहुधा शेअरचे नाव चुकले आहे किंवा बदलले आहे.

क्रमांक १३२६ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकीचा. इथे पुष्कळ जण लॅपटॉप उघडण्याचा पिन टाकतात. तो पिन त्या लॅपटॉपपुरताच असतो, सर्व्हर तो स्वीकारत नाही. डोमेन, म्हणजे सर्वांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था, नसलेल्या कार्यालयात वापरकर्त्याच्या नावाआधी सर्व्हरचे नाव आणि उलटी तिरपी रेघ (\) लिहावी. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर विंडोज जिथे पासवर्ड साठवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये असलेली जुनी नोंद काढून टाकावी.

सर्वांत गोंधळात टाकणारा क्रमांक १२१९ होय. एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडणी करू पाहिल्यास विंडोज नकार देते, आणि पासवर्ड कितीही अचूक असला तरी हा नकार हटत नाही. नुसत्या ‘नेट यूज’ने चालू जोडण्यांची यादी पाहावी, त्या सर्व्हरवरील उघड्या फाइली जतन करून बंद कराव्यात, जुनी जोडणी ‘डिलीट’ (/delete) हा पर्याय देऊन तोडावी आणि मग नव्या नावाने जोडावे.

क्रमांक ५ आला, तर सर्व्हरने आपले खाते ओळखले, पण परवानगी नाकारली. शेअरच्या आणि फोल्डरच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात व दोहोंपैकी जी अधिक कडक तीच लागू होते, त्यामुळे दोन्ही ठिकाणी पाहावे. क्रमांक ७१ मात्र वेगळाच: साध्या विंडोज १० किंवा ११ च्या संगणकालाच सर्व्हर केलेले असेल, तर तो एका वेळी २० च जोडण्या स्वीकारतो.

क्रमांक १२७२ म्हणजे पासवर्डविना, पाहुणा म्हणून जाण्यास आपल्याच विंडोजने केलेली मनाई. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ती प्रो संस्करणातही आहे. नॅसवर रीतसर खाते उघडून त्याने जोडावे. क्रमांक ३८४ म्हणजे समोरचे यंत्र फक्त जुनी एसएमबी १ पद्धत जाणते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने याच पद्धतीतील दोषाचा आधार घेतला होता, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत ती सहसा वगळलेली असते. ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण एका जुन्या नॅससाठी सगळ्या संगणकांचे दार उघडे ठेवणे योग्य नाही. आधी नॅसचे फर्मवेअर (त्यातला अंगभूत प्रोग्राम) अद्ययावत करून तिथे एसएमबी २ किंवा ३ निवडावे. तो पर्यायच नसेल, तर आतली माहिती दुसरीकडे हलवून ते यंत्र कामातून काढावे.