टॅकोमाची क्लॉक स्प्रिंग घरी बदलायची आहे? आधी एवढी तयारी करा

क्लॉक स्प्रिंग म्हणजे टोयोटाच्या टॅकोमा पिकअपमध्ये स्टिअरिंगच्या मागे गुंडाळून बसवलेली केबल. हॉर्न, स्टिअरिंगवरची बटणं आणि एअरबॅग यांची वीज तिच्यातूनच जाते. पार्ट मागवायच्या आधी गाडीजवळ जा. ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरचा १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) दिसतो, तो उतरवून घ्या आणि एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेच्या साइटवर टाकून बघा. टोयोटाने एप्रिल २०१४ मध्ये नेमक्या याच केबलसाठी रिकॉल काढला होता, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि त्यात २००९ व २०१० सालच्या टॅकोमा होत्या. तुमच्या नंबरावर रिकॉल बाकी दिसला तर हा लेख बाजूला ठेवून डीलरला फोन करा. रिकॉलचं काम फुकट होतं.

दुखणं खरंच क्लॉक स्प्रिंगचं आहे ना, हेही पक्कं करा. नुसता हॉर्न बंद असेल तर आधी फ्यूज आणि हॉर्न तपासा. हॉर्न गेलाय, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत, एअरबॅगचा दिवा लागलेला आहे आणि वळण घेताना आतून खसखस ऐकू येते, असं सगळं एकत्र असेल तर संशयाला जागा उरत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचा असेल तर एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर मागून आणा, स्वस्तातले बरेच फक्त इंजिनाचे वाचतात. मल्टिमीटर मात्र एअरबॅगच्या तारांना अजिबात लावू नका. मीटरमधून जाणारा थोडासा करंटही तिथे नको.

पार्ट मागवताना टोयोटाच्या भाषेत त्याला ‘स्पायरल केबल’ म्हणतात हे लक्षात ठेवा आणि व्हीआयएन देऊनच नंबर काढून घ्या. क्रूझ कंट्रोल आणि ऑडिओची बटणं असलेल्या गाडीचे कनेक्टर वेगळे असतात. जंकयार्डमधला जुना पार्ट मी घेणार नाही, कुणाला घेऊही देणार नाही. शिंप्याच्या टेपसारखी गुंडाळलेली ती पातळ पट्टी आत कुठे मोडत आलीय हे बाहेरून दिसत नाही, आणि एअरबॅगला जाणारी वीज त्याच पट्टीतून जाते.

हत्यारं फार लागत नाहीत. एअरबॅगच्या स्क्रूंसाठी टी-३० टॉर्क्स (चांदणीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर), स्टिअरिंगच्या नटासाठी १९ एमएमचा सॉकेट आणि लांब दांड्याचा रॅचेट, बॅटरीसाठी १० एमएमचा पाना, कव्हरसाठी फिलिप्स, पिवळ्या कनेक्टरचं लॉक उचलायला बारीक चपटा स्क्रूड्रायव्हर, खूण करायला पांढरा मार्कर. ठरल्या जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच हवाच. २००९-१० च्या पिढीच्या टॅकोमाला स्टिअरिंगचा नट ५० न्यूटन-मीटरला आवळतात, एअरबॅगचे स्क्रू ८.८ ला, तरी आपल्या सालाचं मॅन्युअल उघडून आकडे ताडून बघा. स्टिअरिंग शाफ्टवरून ओढून काढणारा पुलर विकत घेऊ नका. ऑटोझोन, ओ’रायली या पार्टच्या दुकानांत डिपॉझिट ठेवून मिळतो आणि परत केला की पैसे परत. पुलर मिळाला नाही तर काम पुढे ढकला, पण हातोडी मारू नका. अपघातात आत दबावा म्हणूनच हा स्टिअरिंगचा कॉलम (आतल्या शाफ्टसकट दांडा) बनवलेला असतो, ठोकलात तर तोच बिघडतो.

दिवस निवडताना थंडीचा विचार करा. आमच्या मिशिगनमध्ये जानेवारीत प्लॅस्टिकचे खटके हात लावताच तुटतात. गॅरेज गरम करून घ्या किंवा उन्हाचा दिवस बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढची चाकं नाकासमोर सरळ करा, किल्ली काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून टर्मिनलला चिंधी गुंडाळा. टोयोटा किमान ९० सेकंद थांबायला सांगते, मी १५ मिनिटं थांबतो. रेडिओची सेटिंग पुसू नये म्हणून जो मेमरी सेव्हर लावतात तो या कामात चालत नाही, त्याने एअरबॅगची वीज चालू राहते. एअरबॅग काढून ठेवायची जागाही आधीच ठरवा: मुलांचा हात पोचणार नाही असं, रिकामं आणि सपाट टेबल. नेताना तिचं तोंड अंगापासून लांब, ठेवताना वर, आणि तिच्यावर काहीही ठेवायचं नाही. तिचे टॉर्क्स स्क्रू पूर्ण बाहेर येत नाहीत, सैल झाले की आतच अडकून राहतात. ओढत बसू नका.

नवा पार्ट डब्यातून काढाल तेव्हा त्यावरची टेप किंवा पिन तशीच राहू द्या. पट्टी बरोबर मध्यावर आहे याची ती खूण आहे आणि पार्ट कॉलमवर बसवल्यावरच टेप किंवा पिन काढायची. चुकून आधीच निघाली आणि चकती फिरली तर हाताने, अगदी हलकेच, घड्याळाच्या उलट दिशेने अडेपर्यंत फिरवा, मग घड्याळाच्या दिशेने अडीच वेढे, आणि दोन्ही खुणा समोरासमोर आणा. हे चुकलं तर पहिल्याच पूर्ण वळणात नवी पट्टी तुटेल.

खूण करायचा मार्कर खिशातच ठेवा. स्टिअरिंग आणि शाफ्ट यांवर एका रेषेत खूण झाल्याशिवाय पुलर लावायचा नाही. नट सैल करताना स्टिअरिंग दुसऱ्या हाताने धरा, सगळा जोर स्टिअरिंगच्या लॉकवर येऊ देऊ नका. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवा, म्हणजे स्टिअरिंग सुटलं की तोंडावर येत नाही. प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढून ठेवा.

घरच्यांनाही सांगून ठेवा: काम संपून बॅटरी परत जोडताना आणि पहिल्यांदा किल्ली फिरवताना ड्रायव्हरच्या सीटवर कुणी बसायचं नाही. दारातून, स्टिअरिंगच्या समोर न येता, हात लांब करून किल्ली फिरवा आणि एअरबॅगचा दिवा लागून विझतो का ते बघा.