साध्या कॅमेऱ्याने दिवाळीचे दिवे टिपताना

दिवाळीच्या दिव्यांची छायाचित्रे काढायला बहुतेक जण जेवणे आटोपून, चांगली रात्र झाल्यावर बाहेर पडतात आणि काळ्या पाटीवर पिवळे ठिपके घेऊन परततात. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असल्याने आकाशात नावालाही उजेड नसतो आणि तुळशीवृंदावन, ओसरी, रांगोळी असे सारेच अंधारात बुडते. खरी वेळ दिवेलागणीची. त्या दिवसांत महाराष्ट्रात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर साधारण पंधरा मिनिटांनी आकाश गडद निळे होते आणि पुढची दहा-एक मिनिटे त्याचा व पणत्यांचा उजेड इतका तोलात असतो की दोन्ही एकाच चित्रात सामावतात.

फ्लॅश आधी बंद करावा, कारण त्याच्या पांढऱ्या झोतात भिंतीचे पोपडे दिसतात आणि ज्योतीचा उजेड मात्र हरवतो. फ्लॅश नसला की शटर अर्धा-एक सेकंद उघडे राहते, आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही. तिपाई नसल्यास अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी बांधून कठड्यावर ठेवावी, तिच्यात कॅमेरा हलकेच रुतवावा आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावावा, म्हणजे बटण दाबतानाचा हिसकाही बसत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १०० किंवा २०० पुरेशी होते. झूम टाळून चार पावले पुढे जावे. साध्या कॅमेऱ्यात झूम केल्यावर भिंगातून येणारा उजेड बहुधा कमी होतो.

आकाशकंदिलाची गोष्ट वेगळी. भोवतीचा अंधार पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि कंदिलाचा रंगीत कागद पांढराफटक पडतो. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा ठरवणारा आकडा, उणे १ वर आणावे, म्हणजे कागदाच्या घड्या आणि कंदिलाच्या कागदी करंज्यांच्या कडाही उमटतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्रातल्या रंगांचा तोल, ‘ऑटो’वर न ठेवता सूर्यप्रकाशाच्या चिन्हावर ठेवल्यास तेलाच्या दिव्याचा पिवळेपणा टिकतो. विजेच्या स्वस्त माळा डोळ्यांना कळणार नाही इतक्या वेगाने लुकलुकतात, म्हणून शटर १/२५ सेकंदाहून जलद ठेवल्यास काही दिवे विझलेले दिसू शकतात.

कोल्हापूरला पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पणत्या लागतात, तेव्हा हा क्रम उलटा होतो: आधी काळोख, मग निळाई. तेथे अंधारात घाईने चित्रे न काढता पाण्यातले प्रतिबिंब दिसेल अशी खालची पायरी धरून ठेवावी आणि पूर्व फिकी होईपर्यंत ती सोडू नये.