पियुषिकेच्या शस्त्रक्रियेआधी कवटीचा तळ कसा मोजावा

नाकावाटे पियुषिका (पिट्युइटरी) ग्रंथीची गाठ काढायची, तर वाट स्फिनॉइड सायनसमधून, म्हणजे नाकामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळीतून जाते. माझ्याकडे शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांचे डोळे एमआरआयमधल्या गाठीवर खिळलेले असतात. पण तिथवर पोचायचं ते हाडातून, आणि दोन्ही अंगांना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या. म्हणून सीटी स्वतः मोजा. नुसता रिपोर्ट पुरत नाही.

फिल्मवर पट्टी ठेवू नका. नातेवाइकांकडून सीडी मागून घ्या आणि मूळ डायकॉम (स्कॅनच्या डिजिटल फाइलच्या) प्रतिमा उघडा. काप 1 मिमी किंवा त्याहून पातळ हवेत. 5 मिमीच्या कापांत पातळ भिंती दिसेनाशा होतात. तसा सीटी असेल तर नव्याने करून घ्या. बोन विंडो (हाड ठळक दाखवणारी मांडणी) लावा.

मग डोकं सरळ करा. यंत्रात पेशंट थोडा तरी वाकडा झोपतोच. दोन्ही कानांतले कॉक्लिया (आतल्या कानातले शंखाकृती भाग) एकाच कापात समोरासमोर येईपर्यंत प्रतिमा फिरवा. नाहीतर उजव्या-डाव्यातला म्हणून जो फरक मोजाल, तो हाडाचा नसून मानेचा असेल.

आता मधला सॅजिटल (डावं-उजवं विभागणारा उभा) काप. सेलाच्या (पियुषिका बसते त्या हाडाच्या खळग्याच्या) पुढच्या भिंतीवरून खाली उभी रेष धरा. सायनसमधली हवा रेषेच्या मागे, सेलाच्या खाली गेली असेल तर सायनस सेलर. रेषेच्या अलीकडेच थांबली तर प्रीसेलर. हवा जवळजवळ नसेलच तर कॉन्कल. कॉन्कलमध्ये सेलापुढे भरीव हाड असतं. त्याची जाडी मोजून ठेवा, तेवढं ड्रिल करावं लागणार आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र सायनसमधल्या हाडाच्या पडद्याला द्या. तो मध्यावर असेल असं गृहीत धरणं धोक्याचं. पुष्कळदा तो मागे जाताना तिरका होतो आणि थेट कॅरोटिडवरच्या हाडाला चिकटतो. असा पडदा पिळून तोडला तर धमनी फाटू शकते. तो ड्रिलने झिजवायचा. अ‍ॅक्सियल (आडव्या) कापात पडद्याचं मागचं टोक शोधा आणि ते कोणत्या बाजूच्या कॅरोटिडवर बसलंय ते लिहा. मध्यरेषेसाठी माझा भरवसा व्होमरवर (नाकाच्या मधल्या पडद्याचं मागचं हाड). तिथून सेलाच्या तळाच्या पातळीला प्रत्येक कॅरोटिडच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर वेगवेगळं घ्या. अ‍ॅक्रोमेगली (वाढीचं संप्रेरक जास्त स्रवण्याचा आजार) असेल तर हे अंतर सीटी अँजिओग्राफीवरच (धमन्या दाखवणारा सीटी) घ्या. या पेशंटांत धमन्या वळणदार होऊन मध्याकडे सरकलेल्या असू शकतात.

कोरोनल (पुढचं-मागचं विभागणाऱ्या उभ्या) कापात सायनसमध्ये आडवा पडदा दिसला, तर वरची पोकळी बहुधा ओनोडी सेल (स्फिनॉइडच्या वर सरकलेली शेजारच्या एथमॉइड सायनसची पोकळी) असते. तिच्या भिंतीत दृष्टिचेता (डोळ्याची नस) असते. धमनीवर हाडच नाही असं वाटलं तर दोन प्रतलांत (कापांच्या दिशांत) पडताळा. फार पातळ हाड एका प्रतलात नाहीसं भासतं. तरी शंका उरली, तर हाड नाही असंच धरून चाला.

आकडे पूर्ण मिलिमीटरमध्येच लिहा. 1 मिमीच्या कापावर दशांशाला अर्थ नाही. शेजारी बाजू आणि प्रतल नोंदवा, आणि दुसऱ्या सहकाऱ्याला तुमचे आकडे न दाखवता पुन्हा मोजायला लावा. दोघांत 2 मिमीहून जास्त फरक पडला, तर एकत्र बसून तो काप परत उघडा.