सैन्य विरुद्ध गनीम: निबंधातल्या या चुका टाळा

दादरला मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासतो. ‘बंडखोरीपुढे सैन्य का अडखळतं?’ हा विषय दिला की ठरलेल्याच चुका हातात पडतात. बहुतेक क्लासच्या तयार नोट्समधून उचललेल्या.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शहर घेतलं की युद्ध संपलं असं समजणं. श्रीलंकेत आपल्या शांतिसेनेनं लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेविरुद्ध चालवलेल्या ऑपरेशन पवनवर एका हुशार मुलानं लिहिलं होतं, ‘ऑक्टोबर 1987 मध्ये जाफना ताब्यात, मोहीम फत्ते.’ मी समासात फक्त एक तारीख टाकली: 25 नोव्हेंबर 1987. पठ्ठ्या मार्कांसाठी भांडायला आला. मग त्याला बसवून सांगितलं. त्या रात्री महार रेजिमेंटच्या 8व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेवरून परतत होते. लिट्टेनं तुकडीवर छापा घातला. परमेश्वरननी उलट छापा घालणाऱ्यांनाच मागून गाठलं, छातीत गोळी लागली तरी लढले आणि तिथेच पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. माणूस मुंबईचा, एसआयईएसमध्ये शिकलेला. आणि मुंबईच्या मुलाला नाव ठाऊक नव्हतं! हे घडलं जाफन्याच्याच परिसरात, शहर ‘फत्ते’ झाल्यावर जवळजवळ महिन्यानं. लिट्टे शहरातून निसटून खेड्यांत, जंगलात पांगली होती. आपली फौज परतली मार्च 1990 मध्ये, हजाराहून जास्त जवान गमावून.

मी स्वतः वहीत दोन रकाने करतो. एकात लढाईच्या तारखा, दुसऱ्यात खबर कुणाकडून कुणाला पोचत होती ते. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरनं जवान उतरवले, तेव्हा लिट्टे दबा धरून बसली होती. 13 शीख लाइट इन्फन्ट्रीच्या उतरलेल्या 30 जणांपैकी एकच वाचला, तोही कैद झाला. पहिल्या रकान्यात ही फक्त एक चकमक दिसते. कारण दुसऱ्यात सापडतं: खबर लिट्टेला आधीच पोचली होती.

मृतांचे आकडे धावफलकासारखे मांडू नका. अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये तेच केलं. 1968 मध्ये टेट सणाच्या वेळी झालेल्या हल्ल्यात व्हिएतकाँग या कम्युनिस्ट बंडखोरांचीच माणसं जास्त मेली, पण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर करावं लागलं ते राष्ट्राध्यक्ष जॉन्सनना.

‘राजकारण्यांनी सैन्याचे हात बांधले’ हे वाक्य लिहिण्याआधी मिझोराम वाचा. मार्च 1966 मध्ये ऐजॉलवर आपल्याच हवाई दलानं मारा केला. तरी मिझो बंडखोरांशी करार व्हायला 1986 उजाडलं.

प्रतापगड दर निबंधात नको. शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वेगळा: त्यांच्याकडे किल्ले होते, महसूल होता, राज्य होतं.

आणि ‘गनीम हरतच नाही’ हेही खोटं. लिट्टेच 2009 मध्ये संपली. आजच्या मलेशियातल्या मलायात ब्रिटिशांनी 1960 पर्यंत बंड मोडलं, पण तिथले बंडखोर बहुतांशी चिनी समाजातले, आणि त्यांना रसद पुरवणारी लाखो माणसं उठवून कुंपणाआडच्या नव्या गावांत नेऊन बसवली होती. एवढं लिहायची तयारी नसेल, तर मलायाचा दाखला देऊ नका. मी मार्क कापतो.