बंदीनंतरची पहिली फेरी आणि खलाशाची कंबर

जून-जुलैची मासेमारीबंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात सगळ्यांची एकच घाई. बर्फ भरा, डिझेल भरा, निघा. आणि पहिल्याच फेरीत कोणीतरी तरणाताठा पोरगा कंबर धरून बसतो. दोन महिने गावी अंग सैल पडलेलं असतं आणि बोटीवर चढल्या चढल्या तो पूर्ण जोर लावायला जातो. मी ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. माझ्याकडे येणारा खलाशी गावचा असो की नेपाळचा, त्याला जे सांगतो तेच इथे लिहितोय.

पहिली गोष्ट बंदरावरच करायची. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस रोज चाला, उठाबशा काढा, थोडंफार ओझं उचला. पहिल्या फेरीत जड कामाला माणसं आलटून-पालटून लावा. हे तांडेलाने ठरवायचं असतं, नवा पोरगा स्वतःहून थांबत नाही.

बोटीवर एकच नियम घट्ट धरा: ओझं गुडघ्याच्या वर आणि छातीच्या खाली. बर्फासकट भरलेला क्रेट सहज ३० किलोच्या पुढे जातो. हलत्या डेकवर तो एकट्याने उचलायचा नाही. दोघांनी धरा, अंगाजवळ ठेवा, गुडघ्यात वाका. वळायचं असेल तर पाय फिरवा, कमरेतून पिळा मारू नका. ओझं हातात असताना कमरेतून मारलेला तो पिळाच जास्त माणसं घरी बसवतो.

धक्क्यावर हाच नियम सगळ्यात जास्त मोडतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी लागली की बोट खाली जाते आणि धक्का डोक्याच्या वर. मग पोरं क्रेट डोक्यावरून वर ढकलतात आणि खांदे निकामी करून घेतात. पाणी चढेपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. लिलावाची वेळ गाठायचीच असेल तर कप्पी लावा, दोराने वर घ्या. कप्पीचा खर्च खांद्याच्या औषधापेक्षा कितीतरी कमी आहे.

जाळं डेकवर रिकामं झालं की मासळी निवडायचं काम. राणी मासा, बांगडा, म्हाकूल, कोळंबी वेगळी करत पोरं तासन्‌तास उकिडवी बसतात. त्यात गुडघेही जातात आणि कंबरही. आम्ही रिकामे क्रेट रचून त्यावर फळी पक्की बांधतो, फळीला कड ठोकलेली आहे, आणि उभ्याने निवडतो. समुद्र खवळलेला असेल तर ते जमत नाही. तेव्हा क्रेट पालथा घालून त्यावर बसा, मासळी फावड्याने पायांजवळ ओढून घ्या, लांब हात करून वेचू नका. अर्ध्या तासाने उठा, दोन्ही हात कमरेवर ठेवून दोन-चार वेळा हळूच मागे झुका.

छोट्या होडीवर जाळं हाताने ओढणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. लाटेशी भांडू नका. होडी जाळ्याच्या बाजूला कलली की जाळं सैल पडतं, तेवढ्यात हात मारून आत घ्या. ती उलटी कलू लागली की जाळं काठावर मांडीने दाबून धरा, ओढू नका. एक पाय पुढे, गुडघे सैल. सगळ्यांनी एकाच हाकेवर ओढलं पाहिजे, नाहीतर सगळा भार एकाच्या पाठीवर येतो. मधूनमधून जागा बदला, म्हणजे एकच खांदा सतत पुढे राहणार नाही.

बर्फात हात बधिर झाले की मूठ गरजेपेक्षा जास्त आवळली जाते, आणि त्यातून मनगट धरतं. रबरी हातमोज्यांच्या आत सुती मोजे घाला. खणात, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मासळी साठवायच्या जागेत, बर्फ मारणारा माणूस थोड्या थोड्या वेळाने बदला. रात्री बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर हंगाम संपायची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा. कंबरेची कळ गुडघ्याखाली उतरली, पाय बधिर झाला तरी तेच. लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर मात्र बोट वळवा, त्यात तास मोजायचे नाहीत.

दुखलं की गोळी, ही बोटीवरची वाईट सवय आहे. उपाशी पोटी, पाणी न पिता रोज वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर पोटाला जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. आधी भात-कालवण पोटात जाऊ दे. पाणी प्या, लघवी गडद पिवळी दिसली तर कमी पडतंय असं समजा.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर चुना-तंबाखू लावू नका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि तो भाग सोसेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी चांगल्या हाताने तपासा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काटा खोल रुतलेला असेल, छातीत किंवा पोटात असेल, तर उपटू नका. किनाऱ्यावर आल्यावर डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

मासळी कुजलेल्या खणात विषारी वायू साठतो. झाकण उघडून भरपूर हवा खेळू द्या, एकट्याने उतरू नका. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका, वरून हवा सोडा, मदत बोलवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. दोन्ही आमच्या केबिनच्या दारावर ऑइलपेंटने लिहिलेत, नव्या पोराकडून पहिल्याच दिवशी वाचून घेतो.