निकेलचा आकडा दिसला की आधी गंधक बघा

कॅनडात लॅब्राडोरमधल्या व्हॉइझीज बे या निकेलच्या साठ्याची गोष्ट भूशास्त्राच्या पोरांना सांगायची गरज नाही. १९९३ मध्ये चिस्लेट आणि व्हर्बिस्की हे दोन खनिजशोधक हिऱ्यांच्या शोधात हिंडत होते आणि गंजलेली टेकडी दिसली. ऐकताना लॉटरी वाटते. मी कोकणातला, जांभ्याच्या लाल धुळीत वाढलेला. मी ढुंकूनही बघितलं नसतं. ते थांबले, नमुने घेतले. तो गंज उघड्यावर सडलेल्या सल्फाइडचा, म्हणजे गंधक आणि धातूच्या खनिजाचा होता.

माझी फजिती दुसरीकडे झाली. पहिली नोकरी उत्तर क्वेबेकमधल्या एका कॅम्पवर, कोअर लॉगिंगची, म्हणजे ड्रिलने काढलेल्या खडकाच्या नळकांड्या तपासून नोंदी करण्याची. बाहेर उणे तीस. एक्सआरएफ गन, म्हणजे क्ष-किरणांनी खडकातले धातू मोजणारं हातातलं यंत्र, ०.२२ टक्के निकेल दाखवत होती. पुढच्या मीटरला तेच, साठ मीटर तेच. लॉगमध्ये ‘खनिजयुक्त’ लिहून मोकळा झालो. सकाळी सीनिअर बाईंनी एवढंच विचारलं, ‘गंधक किती?’ मी तो रकाना उघडलाच नव्हता.

पुस्तकं हे एका ओळीत उरकतात, म्हणून पुन्हा सांगतो. निकेल दोन घरांत राहतं. पेंटलँडाइट या निकेलच्या सल्फाइडमधलं असेल तर खडक दळून फ्लोटेशनने, म्हणजे फेसावर तरंगवून, वेगळं निघतं. ऑलिव्हिन या गंधक नसलेल्या हिरवट खनिजातलं मात्र स्फटिकाच्या जाळीत मॅग्नेशियमच्या जागी बसलेलं असतं, फ्लोटेशनच्या हाती लागत नाही. ड्युनाइट या जवळपास निव्वळ ऑलिव्हिनच्या खडकात ०.२ टक्के म्हणजे रोजचंच. गन दोन्ही एकत्र मोजते; लॅबने चार आम्लांत विरघळवलं तरी एकत्रच. निकेल सपाट आणि गंधक नगण्य, तर ऑलिव्हिन. दोन्ही जोडीने चढतात तिथे थांबा. गंधक चढलं पण निकेल जागचं हललं नाही, तर बहुधा नुसता पायरोटाइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड. तुकडा चुंबकाला चिकटला म्हणून नाचू नका, पेंटलँडाइट चिकटत नाही. आणि गंमत म्हणजे व्हॉइझीज बेच्या ट्रॉक्टोलाइट या खडकातल्या काही ऑलिव्हिनमध्ये निकेल कमी आहे, कारण सल्फाइडने ते आधीच ओढून घेतलं. म्हणजे खडकात कमी सापडलं, हीच कधी चांगली बातमी!

गनवर जगणारे लॉगर मला आवडत नाहीत, स्पष्टच सांगतो. ‘तू शिकशील हळूहळू’ म्हणणारे गोड सीनिअरही नकोत.

शोध लागला की खाण झाली असंही समजू नका. इन्को या निकेल कंपनीने १९९६ मध्ये व्हॉइझीज बेसाठी ४.३ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले, तरी उत्पादन सुरू व्हायला २००५ उजाडलं. मधली वर्षं पर्यावरण सुनावण्या, तिथल्या मूळ रहिवासी इन्नू आणि इन्युइट लोकांशी करार आणि धातू प्रांतातच गाळायचा की बाहेर, या भांडणात गेली. तेव्हा पहिला प्रोजेक्ट बंद पडला तर दोष स्वतःला देऊ नका, बहुतेक पडतातच.

बाई रागावल्या नाहीत. गन काढून घेतली, पंधरा दिवस नुसतं भिंग आणि पाण्याची बाटली दिली. चौथ्या दिवशी ओल्या कोअरवर गव्हाच्या दाण्याएवढा पितळी ठिपका दिसला. धावत जाऊन त्यांना दाखवला. चाल्कोपायराइट निघाला, म्हणजे तांब्याचं सल्फाइड.