बंगळुरूतला फ्लॅट महाराष्ट्रात बसून घ्यायचा तर

इकडे आपण सातबारा, इंडेक्स टू, एनए असं बोलायला सरावलेलो असतो. तिकडचा ब्रोकर फोनवर खाता, ईसी, डीसी कन्व्हर्शन, मदर डीड असं सुरू झाला की आपण नुसतं हो हो करत बसतो. माझं पहिल्या दोन फ्लॅटच्या वेळी हेच झालं. म्हणून फोटो बघण्याआधी हे शब्द समजून घ्या, कारण लांबून घर घेताना आपण खरं तर कागदच बघणार असतो.

खाता म्हणजे महापालिकेच्या टॅक्स रजिस्टरमधली प्रॉपर्टीची नोंद. तो मालकीचा पुरावा नाही, मालकी सेल डीडने म्हणजे खरेदीखताने येते. ए खाता म्हणजे मंजुऱ्या वगैरे नीट. बी खाता म्हणजे काहीतरी राहिलंय, प्लॅन मंजूर नाही किंवा जमीन शेतीचीच आहे, पण टॅक्स तर वसूल करायचाय म्हणून वेगळी नोंद. असा फ्लॅट स्वस्त दिसतो, पण लोनला बऱ्याच बँका नाक मुरडतात आणि पुढे विकताना पण तोच त्रास. "लवकरच ए खाता होईल सर" या वाक्यावर एक रुपया पण देऊ नका. आता रजिस्ट्रेशनला ई-खाता, म्हणजे ऑनलाइन खाता, लागतो, तो विकणाऱ्याकडून सुरुवातीलाच मागा आणि नाव, एरिया सेल डीडशी ताडून बघा. डीसी कन्व्हर्शन म्हणजे आपलं एनए, शेतजमीन बिगरशेती करणं. मदर डीड म्हणजे जमीन मुळात कोणाकडून कोणाकडे आली तो जुना दस्त.

ईसी म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, प्रॉपर्टीवरच्या व्यवहारांचा आणि बोज्याचा दाखला, हे कर्नाटक सरकारच्या कावेरी पोर्टलवर घरबसल्या काढता येतं. निदान ३० वर्षांचं काढा. फॉर्म १५ मध्ये त्या काळातले रजिस्टर झालेले व्यवहार दिसतात, काहीच व्यवहार नसेल तर फॉर्म १६ मिळतो. पण ईसी बघितला म्हणजे झालं असं नाही, त्यात फक्त रजिस्टर झालेलंच दिसतं, कोर्टातली केस दिसेलच असं नाही, ती ई-कोर्ट्सवर विकणाऱ्याच्या आणि बिल्डरच्या नावाने शोधायची. बँकेत ओरिजिनल कागद ठेवून घेतलेलं कर्ज पण कधी कधी ईसीत नसतं, त्यासाठी सेरसाईवर, म्हणजे गहाण ठेवलेल्या प्रॉपर्टीच्या केंद्रीय नोंदणीच्या साइटवर, सर्च करा आणि ओरिजिनल सेल डीड कुणाच्या हातात आहे हे सरळ विचारा. उत्तराला वेळ लागला की समजून जा.

जुने दस्त कन्नडमध्ये असतात. ब्रोकर म्हणेल आमचा वकील आहे ना. नको. आपला वेगळा वकील करा, फी आपण द्या, आणि फोनवर "क्लिअर आहे" एवढं न ऐकता लेखी लीगल ओपिनियन घ्या, आपल्याला वाचता येईल अशा भाषेत.

ओसी म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, इमारतीत राहायला परवानगी असल्याचा दाखला, त्याशिवाय फ्लॅट घेऊच नका असं माझं मत आहे, भले कोणी कितीही समजावू दे. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलंय की वीज, पाणी, ड्रेनेजचं कनेक्शन कंप्लीशन किंवा ऑक्युपन्सी सर्टिफिकेट बघूनच द्यायचं. नवीन प्रोजेक्ट असेल तर कर्नाटक रेराच्या साइटवर नंबर टाकून स्वतः बघा, आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही हे त्याला आठवण करून द्यायला लाजू नका.

आता व्हिडिओ कॉल. एजंट हॉल दाखवतो, बाल्कनीतून झाडं दाखवतो, मोबाईल सतत हलता. मी एकाला म्हटलं, आता काही बोलू नका, बेसिनचा नळ सोडा आणि फोन तिथेच दोन मिनिटं धरा. पाणी आलं, पण मागून मोटरचा घर्र आवाज येत होता, विचारलं तर म्हणे टँकर आहे सर, फक्त उन्हाळ्यात. महिना होता नोव्हेंबर. त्यानंतर मी सगळीकडे पाण्याचंच आधी विचारायला लागलो, कावेरी नदीच्या पाण्याचं सरकारी कनेक्शन आहे का बोअरवेल, टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये की वेगळं. आणि हे एजंटला नाही, वॉचमनला किंवा तिथल्या भाडेकरूला विचारायचं, त्यासाठी ओळखीच्या कुणाला तरी एक चक्कर मारायला लावा, जमलं तर रात्री पण.

पैसे देताना अकाउंट नंबर मेल किंवा मेसेजवर आला असेल तर विकणाऱ्याला आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून तो वाचून घ्या, मगच ट्रान्सफर. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस विकणाऱ्याच्या पैशातून आपणच कापून सरकारला भरायचा असतो. विकणारा एनआरआय असेल, आणि बंगळुरूत तसे भरपूर भेटतात, तर हा १ टक्क्याचा नियम चालत नाही, टीडीएस बराच जास्त कापावा लागतो, तेव्हा आधी सीएला विचारा. नंतर कळलं तर भुर्दंड आपल्याच माथी.

रजिस्ट्रेशनला शक्यतो स्वतः जा, दोन दिवस सुट्टी टाका. अगदीच जमत नसेल तर घरच्याच माणसाला पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी द्या, जनरल नाही, फक्त या एका फ्लॅटपुरती स्पेशल, आणि ती इकडच्या सब-रजिस्ट्रारसमोर करा, नुसत्या नोटरीवर जाऊ नका. ती तिकडे चालेल का आणि स्टॅम्प ड्युटीचा फरक भरावा लागेल का, ते तिकडच्या वकिलाला ड्राफ्ट पाठवून आधीच विचारून ठेवा. आणि कुणी "सेल डीड नको, जीपीएवरच (म्हणजे जनरल पॉवर ऑफ अटर्नीवरच) देतो, खर्च वाचेल" म्हणाला तर फोन ठेवा, अशा जीपीएने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय.

दस्त झाला की लोक चावी घेऊन मोकळे होतात आणि खाता जुन्या मालकाच्याच नावावर राहतो. परत यायच्या आधीच खाता ट्रान्सफर आणि लाइट बिलावरचं नाव बदलायचा अर्ज टाकून या, नाहीतर त्यासाठी परत तिकीट काढावं लागतं, मी काढलंय.